दम धरणाऱ्या बाईची फिल्म

आमच्या धंद्यात एक भानगड आहे. जे शूट करायला जावं ते हार्डडिस्कवर जातं आणि जे खरंच घडतं ते डोक्यात बसतं. हार्डडिस्क निदान फॉरमॅट तरी करता येते!

मी सुधाकर. नांदेडात माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. हबीबभाई कॅमेरा सांभाळतात आणि मी बाकीचं सगळं, म्हणजे रुसलेल्या मामाला फोटोत आणून उभं करणं वगैरे. आयुष्यात आम्ही दोघांनी एकच डॉक्युमेंटरी केली, लातूरच्या करुणाताईंवर. श्वास रोखून पाण्यात पडून राहायचं आणि त्यात देशाचा विक्रम करायचा, असं डोक्यात घेतलेली बाई. फिल्म दोन-चार ठिकाणी दाखवली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण टपरीवर चहाला बसलो की फिल्मबद्दल एक माणूस विचारत नाही. "सुधाकर, ते नारळाचं सांग की!" "अरे, ते विहिरीतलं सांग!" जे आम्ही कापून टाकलं तेवढंच लोकांना पाहिजे असतं. एडिटिंगमध्ये घालवलेल्या दिवसांचं मला फार वाईट वाटतं.

तर घ्या, कापलेलंच घ्या.

*

करुणाताई पहिल्यांदा स्टुडिओत आल्या तेव्हा लग्नसराई जोरात होती. लातूरच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका, तेही मानधनावर. मूळ गाव देवणीच्या बाजूला. जयभीम-नमस्कार झाला, पाणी प्यायल्या आणि सरळ म्हणाल्या, "दादा, माझ्यावर फिल्म करायची. मी दम धरते."

आमच्या दुकानात 'दम धरा' हे वाक्य फक्त अल्बमला उशीर झालेल्या गिऱ्हाइकाला ऐकवलं जातं. आणि इथं गिऱ्हाईक स्वतःहून म्हणतंय, मी दम धरते! हबीबभाईंचे डोळे भरून आले. "ऐसे कस्टमर किधर मिलते आजकल!"

मग ताईंनी नीट समजावून सांगितलं. फ्री डायव्हिंग नावाचा खेळ असतो. त्यातला त्यांचा प्रकार म्हणजे स्विमिंग पूलमध्ये पालथं पडायचं, तोंड पाण्यात, आणि श्वास न घेता जास्तीत जास्त वेळ तसंच राहायचं. संपला खेळ.

हबीबभाईंनी धंद्याच्या हिशेबानं चौकशी केली.

"मतलब हिलने का नै?"

"न्हाई."

"बोलने का बी नै?"

"न्हाई."

"मूँ तो दिखेगा?"

"तोंड पान्यात असतंय भाई."

हबीबभाई माझ्याकडं वळले. "सुधाकरभाई, फिर एक फोटो निकाल के दे दो ना इनको. वीडियो कायकू?"

मी विचारलं, लातूरला राहून तुम्हाला हे सुचलं तरी कसं? तिथं नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, आठवड्यातून एकदा. ताई हसल्या. "दादा, आमच्याकडं पानी साठवायला समदेच शिकतेत. मी हवा साठवायला शिकले."

ह्या एका वाक्यावर मी फिल्म करायला तयार झालो. दुसरं काही कारण नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट सांगितली. ह्या खेळाच्या संघटनेचे जज लातूरला दोनदाच यायला तयार होते. दुसऱ्या शहरात जाऊन करायचं तर मानधनावरच्या बाईला महिनाभर सुट्टी कोण देणार? वय चाळिशीकडं चाललेलं. म्हणजे दोन प्रयत्न, आणि त्यात झालं तर झालं. "पुढच्या वर्षी फुप्फुसं हीच राहतील दादा," त्या म्हणाल्या, "पर शाळा राहील का, सांगता येत न्हाई."

*

पहिला प्रयत्न ताईंच्या शाळेच्याच स्विमिंग पूलमध्ये होता, म्हणून आम्ही शाळेच्या गेटवर मोठा फ्लेक्स लावायचं ठरवलं. मजकूर मी स्वतः लिहून दिला : 'फ्री डायव्हिंग : राष्ट्रीय विक्रमाचा थरार! सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.'

फ्लेक्सवाला शुद्धलेखनाच्या बाबतीत फार जागरूक निघाला. त्याला माझ्या मजकुरात एक चूक दिसली आणि त्यानं न सांगता ती दुरुस्त केली. सकाळी गेटवर बोर्ड झळकला : 'फ्री ड्रायव्हिंग!'

गर्दी अशी झाली की शाळेला आपल्या गॅदरिंगचीही लाज वाटावी. पोरं, बाप्ये, नवीन सुना, दोन रिक्षावालेसुद्धा. काहीजण लर्निंग लायसन्स घेऊनच आले होते. खरा प्रकार कळल्यावर निम्मे शिव्या देत गेले, निम्मे आलोच आहोत तर म्हणून थांबले. फेट्यातले एक आजोबा पहिल्या रांगेत बसले. पाण्याकडं एकटक बघत होते. ताई पाण्यात उतरल्या, पालथ्या झाल्या, सगळीकडं शांत झालं, आणि आजोबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

कानात म्हणाले, "हे झाल्यावर गाडी देनार का?"

*

आता नारळाचं.

त्यासाठी ह्या खेळाचा नियम माहीत पाहिजे. नुसता दम धरून भागत नाही. पाण्यातून तोंड वर काढलं की थोडक्या सेकंदांत तीन गोष्टी करायच्या. गॉगल काढायचा, अंगठा आणि बोट जुळवून ओकेची खूण करायची, आणि 'आय ॲम ओके' म्हणायचं. इंग्रजीतच. हे होईपर्यंत खेळाडूला कुणी हात लावला तर सगळं बाद. मग जज खिशातून कार्ड काढतो. पांढरं म्हणजे मान्य, पिवळं म्हणजे मान्य पण कापाकापी करून, आणि लाल म्हणजे घरी जा.

त्या दिवशी प्रमुख पाहुणे होते शाळेच्या संस्थेचे उपाध्यक्ष अण्णासाहेब. माणूस दिलदार, पण सत्काराचा आजार. शाल, हार आणि नारळ त्यांच्या गाडीच्या डिकीत बारा महिने असतात. एकदा पंक्चर काढणाऱ्याचा त्यांनी भर रस्त्यात सत्कार केला होता म्हणे.

ताईंनी काय दम धरला त्या दिवशी! जुना विक्रम मागं पडला तेव्हा जजच्या हातातलं घड्याळ मलाच धरावंसं वाटलं. ताई वर आल्या. गॉगल काढला. बोटं जुळवायला हात वर केला... आणि त्या वर आलेल्या हातात अण्णासाहेबांनी नारळ ठेवला! पाठोपाठ ओल्या डोक्यावर शाल. गळ्यात हार. "संस्थेच्या वतीने..." असं भाषणही चालू झालं. शालीच्या आतून कुठून तरी 'आय ॲम ओके' ऐकू आलं, पण त्याला काय अर्थ?

जजसाहेब होते दक्षिणेकडचे. त्यांनी जगभर स्पर्धा बघितल्या होत्या, पण खेळाडूवर नारळ पहिल्यांदाच बघत होते. जड मनानं त्यांनी लाल कार्ड काढलं.

अण्णासाहेबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं, ताईंच्या हातात दिलं, दोन्ही हातांनी धरायला लावलं आणि हबीबभाईंना म्हणाले, "घ्या फोटो!"

दुसऱ्या दिवशी लोकल पेपरात तोच फोटो आला. खाली ओळ होती : 'करुणाताई लाल कार्ड देऊन सन्मानित.'

त्या सत्काराच्या दिवशी ताई संध्याकाळी शाळेच्या पायऱ्यांवर नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. मी शेजारी जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, "दादा, फोडा हे. निदान खाऊ तरी."

*

दुसऱ्या प्रयत्नाला अवकाश होता. तोवर गावाकडचं शूटिंग उरकावं म्हणून आम्ही देवणीकडं गेलो. ताईंच्या चुलत्याच्या शेतात ती विहीर आहे, जिथं वडिलांनी पाठीला डबा बांधून त्यांना पोहायला शिकवलं. वडील आता नाहीत. विहीर आहे.

हबीबभाई कॅमेरा घेऊन आतल्या पायरीवर बसले, मी एका कोपऱ्यात लपलो, आणि ताई पाण्यावर पालथ्या पडल्या. केस मोकळे, हात पसरलेले. फ्रेम अशी सुंदर की हबीबभाई पुटपुटले, "माशाल्ला."

तेवढ्यात वरच्या बाजूनं माणिकमामा आले. हे गावातले शेतकरी, आणि सोबत त्यांचा देवणी जातीचा बैल. प्रदर्शनात नंबर काढलेला, त्यामुळं मामांपेक्षा बैलालाच गावात मान जास्त. मामांनी सहज विहिरीत डोकावलं आणि बैलाची दोरी सोडून, टोपीसकट, पायजम्यासकट, खिशातल्या मोबाइलसकट उडी मारली!

ताईंचा अंबाडा नव्हता, नुसते केस होते, ते मामांच्या मुठीत सापडले.

"मामा, सोडा! मी जित्ती हाय!"

"भ्यायचं न्हाई! मी आलो न्हवं!"

"मामा, मला काय झालं न्हाई!"

"समदे आसंच मनतेत! वडा रं तिला वर!" हे शेवटचं कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, कारण वर फक्त बैल होता.

बाहेर आल्यावर मी समजूत घातली, की मामा, हे शूटिंग आहे. मामांनी खिशातून मोबाइल काढला, उलटा करून त्यातलं पाणी सांडलं, आणि म्हणाले, "मग पाटी लावायची की राव!"

दुसऱ्या टेकला मामा स्वतः पाटी झाले. कठड्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगायला लागले, "मेली न्हाई! शूटिंग चालू हाय!"

पलीकडच्या रानात वाऱ्यानं फक्त पहिला शब्द नेला. खुरपायला बसलेल्या बाया रडत, ऊर बडवत पळत आल्या. ताई विहिरीतून बाहेर येऊन केस पिळायलाच लागल्या होत्या. त्यातल्या एकीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळे पुसले आणि जाम भडकली. "आगं, काम टाकून आलाव की आमी!"

*

दुसऱ्या दिवशी ताईंच्या आईची मुलाखत. शांतामावशी. पहिल्या प्रयत्नाला त्या लातूरला आल्याच नव्हत्या. 'पोरगी पान्यात पालथी पडती, ते काय बगायचं?' असं त्यांचं म्हणणं.

घरात गेलो तर कोपऱ्यात काहीतरी उंच वस्तू चादर पांघरून उभी. टीव्हीवर गोधडी. मावशी जमिनीवर चटई टाकून बसलेल्या, चेहरा अगदी गरीब केलेला. मी विचारलं, "मावशी, करुणाताई लहानपणी कशा होत्या?"

"आदी हे बगून घ्या." त्यांनी रेशन कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. "पिवळं हाय. घरात काय बी न्हाई आमच्या."

"मावशी, आम्ही सर्वेवाले नाही. फिल्मवाले आहोत."

"मागच्या टायमाला बी एक आसाच गोड बोलत होता."

मग भीती काय ते कळलं. शेजारच्या एका पोराला नोकरी लागली, पेपरात फोटो आला, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं पिवळं कार्ड गेलं आणि पांढरं आलं. पांढऱ्यावर रेशनचं धान्य मिळत नाही. पेपरातला फोटो आणि कार्डाचा रंग, मावशींनी दोन्हीचा संबंध पक्का जोडला होता. "पोरीचं नाव मोटं झालं की माजं कार्ड पांढरं करतेत बगा. तिला म्या कवाच सांगितलंय, दम धर, पर घरातल्या घरात धर."

तेवढ्यात चादरीखालची वस्तू घर्रर्र करायला लागली. हबीबभाईंनी कानातला हेडफोन काढला. "अम्मा, ये आवाज काय का है?"

मावशींनी मान वळवलीसुद्धा नाही. "मांजर हाय."

ह्यावर ताई इतक्या हसल्या की बाहेर जाऊन बसल्या. आणि त्या बाहेर गेल्यावर मावशींचा आवाज बदलला. कॅमेरा चालू आहे हे त्या विसरल्या असाव्यात.

"माज्या मायला हिरीच्या जवळ येऊ देत नव्हते. घागर घेऊन लांब बसायची. कुनी वरून वाढलं तर पानी, न्हाई वाढलं तर रिकामी घागर. दिस दिस बसायची माय माजी. आन् तिची ही नात बगा. हिरीत जाऊन निजती!" त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "तिला सांगू नगा. मी रडले मनून."

हबीबभाई कॅमेऱ्यामागं बराच वेळ काहीतरी पुसत होते, लेन्स असेल. हा तुकडा आम्ही फिल्ममध्ये ठेवला आहे. जसाच्या तसा. मागं मांजर पण आहे.

*

मधेच मला सिनेमॅटिक व्हायची लहर आली. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे. तिथं खडकावर ताई डोळे मिटून बसल्या आहेत, मागं पाणी कोसळतंय, असा शॉट घ्यायचा. हबीबभाई लांब जाऊन झूम लावून बसले. ताईंना मी सांगितलं, कट म्हणेपर्यंत हलू नका. न हलणं हा तर त्यांचा धंदाच.

धबधब्याच्या आवाजात माझं 'कट' काही त्यांच्यापर्यंत पोचेना. त्या बसूनच राहिल्या. रविवार होता, सहलीची गर्दी. आधी एकानं लांबून हात जोडले. मग एका बाईनं केळी ठेवली. मग उदबत्ती कुठून आली देव जाणे. मी खडकांवरून घसरत पोचेपर्यंत छोटी रांग लागली होती आणि एक बाई आपलं रडणारं पोर ताईंच्या पायावर घालत होती. "माताजी, हे लई रडतंय. कायतरी सांगा."

ताईंनी एक डोळा उघडला. पोराकडं बघितलं.

"ह्याला पोहायला घाला," त्या म्हणाल्या आणि डोळा परत मिटला.

*

आता खरी अडचण पुढंच होती. सराव शाळेच्या पूलमध्ये चालायचा, घड्याळ माझ्या हातात. दम सुंदर लागत होता. पण वर आल्यावर गॉगल निघायचा, खूण व्हायची, आणि तोंडातून 'आय ॲम ओके' काही निघायचं नाही. मी विचारायचो, "ताई, कशा आहात?" आणि उत्तर यायचं, "हाव, बरी हाय."

बरी हाय म्हणजे बाद!

"काय करू दादा," ताई कळवळून म्हणायच्या. "डोक्यात हवा कमी पडली की पहिलं इंग्लिश जातंय."

हबीबभाईंनी धीर दिला. "मेरा तो हवा पूरी रहके बी नै आता."

शेवटी असं ठरलं, की सवयच लावायची. ताईंना कुणीही काहीही विचारलं तरी त्यांनी एकच उत्तर द्यायचं. आणि ह्या कामावर शांतामावशींना लातूरला बोलावून घेतलं. पोरीला पाण्यात बघायची त्यांची तयारी नव्हती, पण घरात प्रश्न विचारायला आई लोकांना ट्रेनिंग लागत नाही.

"करुणे, उठलीस का?"

"आय ॲम ओके."

"भाकर वाढू का?"

"आय ॲम ओके."

"करुणे, चहा घेतीस का?"

"आय ॲम ओके."

हे चहाचं दिवसातून कितीदा व्हायचं ह्याला गणती नाही. ताई सांगतात, माय मुद्दाम विचारायची, पाठमोरी असताना, झोपेत असताना, तोंडात ब्रश असताना. शाळेत हेडमास्तरांनी विचारलं, "मॅडम, उशीर का झाला?" "आय ॲम ओके." त्यांनी गपचूप मस्टरवर सही करू दिली.

मावशींना मात्र ह्या इंग्रजीचा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता. एकदा मी गेलो तर म्हणाल्या, "सुधाकर, हे तुमचं ओके-बिके बंद करा बाबा. इचारल्याला समद्यालाच नको मनती. पोरगी उपाशी मरंल माजी."

*

आणि मग दुसरा प्रयत्न आला. शेवटचा.

जजसाहेबांनी गेटमधून आत पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नारियल किधर है?" मी खिशातली किल्ली दाखवली. शाल, हार, नारळ, सगळं ऑफिसात कुलपात होतं, आणि अण्णासाहेब स्टेजवर माईकच्या वायरीच्याही आवाक्याबाहेर बसवले होते.

गावाहून टेम्पो भरून माणसं आली होती. माणिकमामांना सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलं आणि दोन्ही बाजूंना दोन दणकट भाचे दिले. "आता न्हाई मारत उडी," मामा म्हणत होते, पण त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या ते मी बघितलं.

माझी खरी भीती वेगळी होती. शांतामावशी. ह्या वेळी त्या आल्या होत्या, आणि काठालाच बसणार म्हणून हटून होत्या. पोरगी पाण्यातून वर आली की आईचा पदर डोकं पुसायला जाणारच, आणि पदर लागला की लाल कार्ड. मी जजसाहेबांना विचारलं, आई काठाला बसली तर चालेल? ते म्हणाले, "बोलने दो. छूने मत दो." मावशींना मी तीनतीनदा बजावलं. त्यांनी पदराचं टोक दोन्ही हातांना गुंडाळून घेतलं आणि काठाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. ताई पाण्यात उतरण्याआधी एकदा त्यांच्याकडं बघून हसल्या. मावशींनी बघितलं नाही. त्या जजच्या बुटांकडं बघत होत्या.

ताई पालथ्या झाल्या. पूल शांत झाला.

अख्ख्या गावानंही दम धरला. खरंच धरला! गाल फुगवून बसले सगळे. थोड्या वेळानं एकेकाचा सुटायला लागला. पहिला माणिकमामांचा, मोठ्यानं. मग बायांचा, मग भाच्यांचा. हबीबभाई कॅमेऱ्यामागं लाल होऊन खोकले. काठावर फक्त मावशी तशाच बसून होत्या आणि पाण्यात त्यांची लेक.

जजच्या मदतनिसानं मान हलवली. जुना विक्रम गेला मागं. तरी ताई हलेनात.

मग त्या वर आल्या. ओठ निळे. गॉगल काढला. अंगठा आणि बोट एकमेकांना शोधत शोधत एकदाचे जुळले. तोंड उघडलं.

आणि काहीच नाही.

"बोला ताई! बोला!" मी ओरडलो. त्यांची नजर माझ्यावरून अशी गेली की जणू मी त्यांना कधी भेटलोच नव्हतो. जजची नजर घड्याळावर. सेकंद संपत आलेले. मावशी खुर्चीतून उठल्या, हाताचा पदर सुटला आणि हात पोरीच्या डोक्याकडं निघाला.

"अम्मा, नक्को!" हबीबभाई कॅमेरा सोडून किंचाळले.

मावशींचा हात हवेतच थांबला. डोक्यापासून इतका जवळ, की ओल्या केसांतलं पाणी उडून हातावर पडलं असेल. हात लावायचा नाही. काय करावं त्या बाईनं? तो हात तसाच धरून, रोज सकाळी स्वयंपाकघरातून यायचा त्या आवाजात त्या म्हणाल्या,

"करुणे, चहा घेतीस का?"

"आय ॲम ओके!"

जजसाहेबांनी घड्याळाकडं बघितलं. ताईंकडं बघितलं. मावशींकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग खिशात हात घातला आणि कार्ड वर धरलं. पांढरं.

मी आणि हबीबभाई एकमेकांना मिठी मारून नाचायला लागलो. अण्णासाहेब किल्ली मागत स्टेजवरून पळत आले. पण पायऱ्यांवर बसलेलं अख्खं गाव गप्प होतं. माणिकमामांनी टोपी काढून हातात घेतली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

मावशी त्या पांढऱ्या कार्डाकडं बघत उभ्या होत्या. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, काठावर गुडघे टेकले, पोरीचं ओलं डोकं पदरात घेतलं आणि खसाखसा पुसायला लागल्या.

"जाऊ दे बाई. पांढरं तर पांढरं. राशन न्हाई दिलं तर न्हाई दिलं. तू वर आलीस न्हवं!"